माफ केलंय असं म्हणते, पण आतला कडूपणा जात नाहीये

मोहरीचा_दाणा
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. लिहू की नको करत होते, शेवटी लिहितेच.
आमच्या मंडळीत हिशेबाचं काम माझ्याकडे होतं. एका व्यक्तीने (नाव लिहीत नाही, कृपया कोणी विचारूही नका) कमिटीपुढे माझ्या प्रामाणिकपणावर शंका घेतली. तपासणी झाली, हिशेब चोख निघाला, विषय मिटला, म्हणजे कागदावर मिटला. माफी कोणी मागितली नाही. ती आजही उपासनेत माझ्यापुढे दोन बाकं सोडून बसते. प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे आलं की माझे ओठ हलतात पण आवाज निघत नाही, आणि डोळे मिटलेले असले तरी तिच्या केसातली ती तपकिरी क्लिप मला दिसत राहते.
मी तिला माफ केलंय हो. गुडघ्यावर बसून, रडून, नाव घेऊन केलंय. तरी तिच्या मुलाचं काही चांगलं झालं असं कानावर आलं की पोटात कळ येते आणि मग त्या कळेचीच लाज वाटते. पाळक म्हणाले, माफ करा आणि विसरून जा. इफिस ४:३१ मला पाठ आहे, सगळा कडूपणा दूर करा वगैरे, ते परत कोणी टाकू नका प्लीज. करायचं कसं ते सांगा.

विश्वासवाणी
ताई, सैतान तुम्हाला भूतकाळात अडकवतोय. त्याला येशूच्या नावाने धमकावा आणि प्रार्थनेत राहा. माफ केलंय म्हणता आणि आठवतं पण म्हणता, म्हणजे खरी क्षमा झालेली नाही. देव आपली पापं आठवत नाही तर आपण कोण आठवणारे? आमेन.

प्रश्नचिन्ह
झालं! बाईंनी कसं करायचं विचारलं आणि उत्तर आलं की तुमचं चुकतंय.
अहो विश्वासवाणी, आठवण काय बटण दाबून जाते का? भावांनी ज्या विहिरीत टाकलं ती योसेफाला आठवतच होती ना, भाऊ समोर आले तेव्हा त्याने ओळखलं त्यांना, ते त्याला ओळखू शकले नाहीत. आणि बाजूला जाऊन रडला तो. विसरला असता तर रडला कशाला असता?

जुनी_वही
मोहरीताई, मी वयाने बराच मोठा आहे म्हणून थोडं लांबण लावतो, सहन करा.
मत्तय १८ मधला तो दाखला घ्या, दयाहीन चाकराचा. राजाने त्याचं प्रचंड कर्ज सोडलं, पण त्याने आपल्या सोबत्याचं लहान कर्ज सोडलं नाही. आपण ऐकताना नेहमी मोठ्या कर्जाकडे बघतो, दहा हजार तालंत. एक तालंत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली, वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. फिटणारच नाही असं कर्ज, आणि तो बिचारा म्हणतो मला थोडी मुदत द्या मी सगळं फेडतो. ऐकणारे हसले असतील तिथे.
पण उपदेशात दुसरी रक्कम आपण फार पटकन उडवून लावतो. शंभर दीनार. उपदेशक म्हणतात "क्षुल्लक रक्कम". शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक? हातावर पोट असलेल्या माणसाची जवळजवळ चार महिन्यांची कमाई आहे ती! येशूने चार दीनार सांगितले असते तरी दाखला चालला असता, त्याने शंभर सांगितले. म्हणजे तुमचं जे गेलं ते खरंच गेलं आहे आणि येशू ते कमी करून सांगत नाही. त्या राजाच्या सहा कोटींपुढे ते लहान आहे एवढंच, पण तुमच्या घरात ते लहान नाही.
माझ्या बघण्यात असं आलंय की बरेच लोक क्षमा करताना आधी कर्ज शून्य होतं असं स्वतःला पटवतात. जाऊ दे, एवढं काही नाही, तिचा हेतू वाईट नसेल. आणि मग आतलं मन ओरडत राहतं की नाही, होतं, एवढं होतं! कडूपणा बऱ्याचदा हाच असतो, न मोजलेल्या कर्जाचा आरडाओरडा. म्हणून आधी लिहून काढा काय काय गेलं ते. नाव गेलं? ते काम गेलं का हातातून? मैत्रीण होती का ती तुमची? सगळं लिहा, एकदा देवासमोर मोठ्याने वाचा, आणि मग सोडा. काय सोडतोय हेच माहीत नसेल तर सोडणार काय?

मोहरीचा_दाणा
काका, मैत्रीण होती. ते मी वर मुद्दाम लिहिलं नव्हतं. माझ्या बाळंतपणात आठवडाभर माझ्याकडे राहिली होती ती.

पहाटवारा
अरे देवा. मग स्तोत्र ५५ वाचा ताई, दावीद अगदी हेच म्हणतो, शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू होतास, माझ्या बरोबरीचा, माझा जिवलग, आपण बरोबर देवाच्या मंदिरात जायचो. मंडळीत दुखावलेल्या माणसाचं स्तोत्र आहे ते खरं तर. आणि त्याच्यात पुढे शाप पण आहेत, तेही पवित्र शास्त्रातच आहेत! राग देवाकडे न्यायचा असतो, लपवायचा नसतो, एवढं तरी त्यातून घ्यावं.

विश्वासवाणी
शाप जुन्या करारातले. नव्या करारात येशूने वधस्तंभावर "हे बापा, ह्यांना क्षमा कर" म्हटलं, स्तेफनाने दगड खाताना तेच म्हटलं. मी काही ताईंना बोल लावत नाहीये, पण प्रमाण काय ते सांगायला नको का?

पहाटवारा
प्रमाण मान्य, १००% मान्य. पण मग नव्या करारातलाच पौल घ्या, २ तीमथ्य चौथा अध्याय, शेवटच्या काळातलं पत्र, तुरुंगात आहे, थंडी आहे, झगा आणून दे म्हणतोय. तिथे सात-आठ वचनांत तीन प्रकारची दुखावणारी माणसं आहेत आणि तो तिघांशी तीन प्रकारे वागतो.
एक मार्क. हा पंफुल्यात त्यांना सोडून गेला होता आणि त्याच्यावरून पौल नि बर्णबा यांच्यात इतकं कडाक्याचं वाजलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या (कृत्ये १५). आता पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. म्हणजे पूर्ण समेट, वर काम पण दिलं.
दुसरा आलेक्सांद्र तांबट. त्याने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याची फेड करेल. आणि तीमथ्याला सांगतो, तूही त्याच्यापासून सांभाळून राहा! फेड प्रभूवर सोपवली, स्वतः हात उगारला नाही, पण विश्वासही ठेवला नाही आणि दुसऱ्याला सावध केलं.
तिसरे ते सगळे जे कोर्टात त्याच्या बाजूने उभे राहिले नाहीत. त्यांच्याबद्दल एवढंच, हे त्यांच्या हिशेबी धरलं न जावो.
आता सांगा, यातला कोणता पौल कमी ख्रिस्ती? "माफ करा आणि विसरून जा" या एका वाक्यात हे तिन्ही बसवून दाखवा.

प्रश्नचिन्ह
+१ पहाटवारा. हे तीन प्रकार डोक्यातच आले नव्हते कधी.

कोपऱ्यातली
मी इथे फक्त वाचते, आज लिहिते कारण हा आलेक्सांद्रवाला मुद्दा मला फार वर्षांपूर्वी कोणीतरी सांगायला हवा होता.
माझा नवरा हात उचलायचा. मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी, चांगल्या मनानेच असेल, मला "सत्तर वेळा सात क्षमा कर" हे वचन दाखवलं आणि घरी परत पाठवलं. मी परत गेले. पुढचं लिहीत नाही. आता वेगळी राहते, मुलं माझ्याजवळ आहेत. मी त्याला माफ केलंय का? हो, मला वाटतं केलंय, त्याचं वाईट व्हावं असं आता वाटत नाही, त्याची दारू सुटावी म्हणून प्रार्थना करते. पण दार उघडणार नाही. कोणाला हे अर्धवट वाटत असेल तर वाटो.

जुनी_वही
बाई, अर्धवट कुठे, पूर्ण आहे हे. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघं लागतात, आणि भरवसा तर वागण्यातूनच परत मिळवावा लागतो. पेत्राने सात वेळा क्षमा करू का विचारलं आणि येशूने सत्तर वेळा सात सांगितलं त्याच अध्यायात, त्याच्या जरा आधी, येशू म्हणतो भावाने अपराध केला तर त्याला जाऊन सांग, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला कळव. मार खाणाऱ्या बाईला अर्धा अध्याय वाचून दाखवणारे लोक मला कळत नाहीत.
ग्लॅडिस स्टेन्स यांचंच बघा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळून मारली गेली. बाईंनी मारणाऱ्यांना क्षमा केली असं उघड सांगितलं आणि लेक एस्थरला घेऊन पुढची काही वर्षं तिथेच कुष्ठरोग्यांची सेवा केली, २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण खटला चालू राहिला, मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा केली म्हणून कोर्टाला कुलूप लागलं नाही, आणि कोर्ट चालू होतं म्हणून क्षमा खोटी ठरली नाही.

मोहरीचा_दाणा
कोपऱ्यातली ताई, तुमच्यासाठी आज रात्री प्रार्थना करेन, खरंच.
बाकी एक सांगू का, रागावू नका, अशी स्टेन्सबाईंसारखी उदाहरणं ऐकली की मला माझं दुखणं फार लाजिरवाणं वाटायला लागतं. त्यांची माणसं गेली आणि मी एका मीटिंगवरून कुढत बसलेय.

प्रश्नचिन्ह
लाजू नका हो. शंभर दीनार. काकांनी सांगितलं ना वर.
उलट मला वाटतं लहान दुखणं जास्त चिवट असतं, कारण मोठ्या दुखण्यात निदान चार माणसं जवळ येतात, तुमच्या केसमध्ये सगळ्यांनी "मिटलं ना आता" म्हणून हात झटकले. रात्री डोक्यात तीच मीटिंग चालू असेल, तुम्हीच वकील, तुम्हीच न्यायाधीश, आणि दर वेळी तुम्हीच जिंकता आणि तरी झोप येत नाही, बरोबर?

मोहरीचा_दाणा
कॅमेरा लावलाय का घरात? :)

दीपस्तंभ_७
मी समुपदेशनाचं थोडं शिक्षण घेतलंय (थोडंच). एव्हरेट वर्दिंग्टन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ख्रिस्ती, क्षमेवर बरीच वर्षं संशोधन केलं, आणि त्यांच्या स्वतःच्या आईचा घरफोडीत खून झाला, तेव्हा सगळं स्वतःवरच लागू करायची वेळ आली. ते क्षमेचे दोन भाग करतात. एक निर्णयाची क्षमा, म्हणजे मी सूड घेणार नाही, या माणसाशी माणूस म्हणून वागेन असं ठरवणं. दुसरी भावनेची क्षमा, म्हणजे आतली कटुता जाऊन तिथे कळवळा येणं. पहिली एका दिवसात होऊ शकते, दुसरीला लागेल तेवढा वेळ लागतो आणि ती पुढेमागे होत राहते. मोहरीताई, तुम्ही पहिली केलीये, खरी केलीये. ती खोटी होती असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आता दुसरी चालू आहे एवढंच.

विश्वासवाणी
हे मला पटलं. मी वर जे लिहिलं त्यात हा फरक नव्हता. पण मग भावनेची क्षमा नुसती वाट बघत बसून येते का? शास्त्र तर सांगतं ना काहीतरी करायला, इफिस ४ मध्ये ३१ नंतर ३२ आहे, एकमेकांशी उपकारी आणि कनवाळू व्हा.

ओंजळ
हेच म्हणायला आले होते. ३१ मध्ये काय काढायचं ते आहे, ३२ मध्ये त्या जागी काय घालायचं ते. नुसतं काढून रिकामं ठेवलं की दोन दिवसांत परत भरतं, माझा तरी अनुभव.
मला यात नेहमी रूथ-नामी आठवतात. नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला येते आणि वेशीवरच बायकांना सांगते की सर्वसमर्थाने माझं आयुष्य कडू केलं, मी भरलेली गेले होते नि देवाने मला रिकामी परत आणलं. शेजारी सून रूथ उभी आहे आणि म्हातारी म्हणते रिकामी! रूथला काय वाटलं असेल. पण ती एक अक्षर बोलत नाही, सल्ला देत नाही, वचन ऐकवत नाही. शेतात जाते, दिवसभर सरवा वेचते, संध्याकाळी एफाभर (धान्याचं जुनं माप) सातू घेऊन येते, आणि दुपारी बवाजने जेवायला दिलेलं त्यातलं उरलेलं बांधून आणलेलं असतं ते सासूसमोर ठेवते. त्या उरलेल्या घासावर नामीच्या तोंडून परतल्यानंतरचा पहिला आशीर्वाद निघतो. त्या पुस्तकात नामीला "कडूपणा सोड" असं कोणीही म्हणत नाही, देवसुद्धा नाही.

प्रश्नचिन्ह
हे छान आहे पण इथे तर उलटं झालं ना? तिथे कडू माणसाला दुसऱ्याने माया दिली. मोहरीताईंनी स्वतः कडू असताना दुसऱ्याला माया द्यायची म्हणताय. मनात नसताना गोड वागणं म्हणजे ढोंग नाही का? मला हे नेहमी खटकतं, मंडळीत असे गोड लोक कमी आहेत का.

ओंजळ
ढोंग कधी होतं, मनात आहे असं दाखवलं तर. मनात नाहीये हे देवाला स्वच्छ सांगून मग हाताने चांगलं केलं तर ते आज्ञापालन. रोम १२ मध्ये "शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे" आहे, त्याच्याबद्दल प्रेम वाटेपर्यंत थांब असं कुठे आहे?
हॉलंडच्या कॉरी टेन बूम यांनी स्वतः सांगितलेलं आहे. ज्यूंना घरात लपवलं म्हणून १९४४ मध्ये नाझींनी पकडलं, रावेन्सब्रूकच्या छळछावणीत त्यांची बहीण बेट्सी वारली. १९४७ मध्ये म्युनिकला एका चर्चमध्ये क्षमेवरच बोलून झाल्या आणि गर्दीतून त्याच छावणीतला एक पहारेकरी पुढे आला, हात पुढे केला. यांचा हात उचलेना. त्यांनी मनात म्हटलं, प्रभू, मी हात पुढे करू शकते, भावना तू दे. आधी हात गेला, ऊब नंतर आली. आणि हे त्यांनी लपवलं नाही, की मला त्या क्षणी काहीच वाटत नव्हतं.

जुनी_वही
फक्त एक काळजी. रोम १२ मध्ये असं केल्याने शत्रूच्या डोक्यावर "निखाऱ्यांची रास" होईल असं पण आहे, आणि काही लोक तेवढ्यासाठीच चांगलं वागतात, बघ कशी लाजवली! तो सूडच झाला, साखर लावलेला. मोहरीताई, तिला काही द्यायला जाऊ नका लगेच, चार लोकांत तर मुळीच नको. लहान, कोणाला न दिसणारं करा. कोणी तिच्याबद्दल वाईट बोलायला लागलं तर त्यात भर घालू नका, जमलं तर विषय बदला. तिच्या मुलाचं नाव घेऊन देवाकडे एक नेमकी गोष्ट मागा, परीक्षा असेल, नोकरी असेल. ती कळ येते ना पोटात, नेमकी त्या जागी प्रार्थना करा. कडूपणाला हे अजिबात आवडत नाही.

कोपऱ्यातली
हे खरं आहे. मी नवऱ्याच्या दारूसाठी प्रार्थना करायला लागले तेव्हा आधी दात-ओठ खाऊन करायचे.

मोहरीचा_दाणा
मधे काही दिवस लिहिलं नाही. काकांनी सांगितलं तसं लिहून काढलं, पान पुरलं नाही. आणि सगळ्यात खाली जे आलं ते हिशेबाबद्दल नव्हतंच, "तू मला आधी येऊन का नाही विचारलंस" एवढंच होतं.
तिच्या मुलासाठी प्रार्थना सुरू केलीये. कोरडीच होते. पण परवा कोणीतरी तिची नक्कल करत होतं आणि मला हसायला आलं नाही, हे माझं मलाच नवल वाटलं.
आता एक विचारायचंय. तिला जाऊन सांगू का, की मी तुला माफ केलं म्हणून? म्हणजे माझ्याकडून विषय संपेल.

विश्वासवाणी
सांगा ताई! देवाचं गौरव होईल.

पहाटवारा
थांबा थांबा. जिने माफी मागितलीच नाही, जिला आपलं काही चुकलं असं कदाचित वाटतही नाही, तिला "मी तुला माफ केलं" सांगणं म्हणजे दारात जाऊन आरोपपत्र देणं. ती म्हणेल कशाबद्दल? आणि तुम्ही परत त्याच मीटिंगमध्ये.

दीपस्तंभ_७
सहमत. आणि समजा तिने माफी मागितली, तरी सगळं लगेच पूर्वीसारखं होईल असं धरून जाऊ नका. योसेफाने भावांना मिठी मारली, देशातली चांगली जागा दिली, बाप याकोब मिसरात सतरा वर्षं जगला तेवढी वर्षं त्यांना पोसलं, आणि बाप वारल्यावर ते भाऊ काय म्हणतात? आता हा आपला सूड घेईल. सतरा वर्षं! योसेफ परत रडला, पण चिडला नाही, भिऊ नका, मी तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना पोशीन म्हणाला. तुमच्या बाबतीत तर अविश्वास तुमच्याच बाजूला असेल, त्यालाही वेळ द्या.

जुनी_वही
मग क्षमा जाहीर करायला न जाता तुमच्या पानावरचं ते शेवटचं वाक्य घेऊन जा. मत्तय १८:१५ म्हणजे तेच आहे. "तू मला आधी येऊन विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं, ते मला अजून लागतं." बस. यात आरोप कमी आहे आणि खरेपणा पूर्ण आहे. ती काय उत्तर देईल ते तुमच्या हातात नाही, रोम १२:१८ पण "तुमच्याकडून होईल तेवढं" असंच म्हणतं.

मोहरीचा_दाणा
पाळकीणबाईंना बरोबर नेऊ का? एकटीने बोलायला भीती वाटते, मी रडेन.

जुनी_वही
आधी एकटीच जा. क्रम तोच दिलाय तिथे, साक्षीदार दुसऱ्या फेरीला. सोबत कोणाला नेलंत तर तिला परत कमिटी दिसेल. आणि रडलात तर रडलात, तिने तुमचं बाळंतपण केलंय, तुम्हाला रडताना तिने आधीही बघितलंय.